गोदावरीचा राहून गेलेला जलमार्ग

जबलपूरच्या सदर भागात बदली होऊन आलेला मराठी अधिकारी पहिल्या रविवारी भेडाघाटी जातो आणि दुसऱ्या रविवारी ग्वारीघाटी. ग्वारीघाटावर संध्याकाळी नावा लागलेल्या असतात. केवट यात्रेकरूंना पैलतीरी गुरुद्वाराकडे नेतात, परत आणतात, दीप सोडणाऱ्यांना थोडे आत नेतात. एवढे भरलेले पात्र पाहून नवख्या माणसाच्या मनात सहज एक प्रश्न येतो, आणि तो आम्हांसही आला होता : ह्या नदीवर माल वाहणारी नाव कशी दिसत नाही? तांदळाची, लाकडाची, कापसाची नाव येथून खाली समुद्राकडे का गेली नाही? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आम्ही जुने वृत्तान्त व गॅझेटिअरे चाळू लागलो, आणि नर्मदेचे उत्तर दोन पानांत संपून उरलेली सारी पाने गोदावरीने व्यापली. जबलपूर, नागपूर आणि सिरोंचा ही तीन गावे एके काळी एकाच चीफ कमिशनराच्या हाताखाली होती, त्या काळची ही हकीकत आहे. आपल्यापैकी ज्यांच्या नोकरीच्या कागदांत कधी ना कधी सिरोंचाचे नाव आले असेल, त्यांना ती अधिक जवळची वाटेल.

नर्मदेचे उत्तर आधी देऊन टाकू. धुवाधाराशी उभे राहिले म्हणजे ते कानांनीच कळते. पण धुवाधार हा एकच अडसर नव्हे. खाली ओंकार मांधाता परिसरातील प्रपात आहेत, महेश्वरापाशी सहस्रधारा आहे, त्याखाली हिरणफाळ आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी नदीची पाहणी केली, पण शेवटी समुद्राची गलबते भडोचपर्यंत आणि लहान पडाव त्याहून काही मैल वर, एवढीच नर्मदेची मालवाहतूक राहिली. भडोच हे बंदर मात्र फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात तेथील मुखाशी वाटाडे नावाडी परदेशी जहाजांना कसे आत आणीत ह्याचे वर्णन आहे, आणि पैठण व तेर येथला माल भडोचला यावयाचा तो गाड्यांवरून, वाट नसलेल्या मुलुखातून यावयाचा, असेही त्यात नमूद आहे. दख्खनचा माल पाण्यापर्यंत पोहोचावयाचा तो चाकांवर किंवा पाठीवर. ही स्थिती पुढे अठराशे वर्षे फारशी पालटली नाही.

वऱ्हाडच्या कापसाचीच गोष्ट घ्या. रेल्वेपूर्वी अमरावतीचा कापूस गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, आणि तेथून नावेने कलकत्त्यास. अमरावती ते मिर्झापूर हे अंतर सुमारे पाचशे मैलांचे, आणि वाट नागपूर, शिवनी व जबलपूर अशी. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याकडे धाडला, असे गॅझेटिअरात लिहिले आहे. आकड्यात थोडी व्यापारी फुशारकी असेल. तरी निम्मे बैल धरले तरी काय तो देखावा! बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे नर्मदा उतरून आज जेथे आपली कचेऱ्या-बंगल्यांची वस्ती आहे त्या टापूतून पुढे सरकत असतील. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजे, धूळ व काटक्या मिसळत, बैल मरत. मिर्झापूरला पोहोचणारा कापूस हा निघालेला कापूस राहत नसे. मँचेस्टरचे गिरणीवाले हिंदुस्थानी कापसाला घाणेरडा म्हणत, त्यात शेतकऱ्याचा दोष किती आणि ह्या वाटेचा किती, हे कोणी मोजले नाही.

आता नकाशा पाहावा. ज्या टापूत हा कापूस पिकतो त्याच्या अगदी कुशीतून वर्धा नदी वाहते. वर्धा वैनगंगेस मिळाली की प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाच्या खाली गोदावरीस मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरास. हिंगणघाटच्या टापूपासून राजमहेंद्रीपर्यंत सुमारे चारशे मैलांची ही उतरती वाट निसर्गाने आखून ठेवलेली. तिच्या खालच्या टोकाला आर्थर कॉटन हा मद्रास इलाख्याचा इंजिनिअर बसला होता. (आडनाव कॉटन आणि ध्यास कापसाच्या नावांचा, हा योग केवळ योगायोग होय.) त्याने १८४७ ते १८५२ ह्या काळात धवळेश्वरमला गोदावरीवर सुमारे सव्वादोन मैल लांबीचा बंधारा बांधला आणि दुष्काळाने गांजलेल्या त्रिभुज प्रदेशात पाणी खेळविले. त्याचे कालवे दुहेरी कामाचे होते. त्यांतून शेताला पाणी मिळे आणि त्यांवरून नावाही चालत. जेथे कालव्याची पातळी उतरते तेथे लॉक बसविलेले होते. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला पाण्याचा चौक. नाव आत घ्यावी, मागचा दरवाजा लावावा, पाणी हळूहळू सोडून पातळी खालच्या कालव्याशी मिळवावी आणि पुढचा दरवाजा उघडावा. एवढ्या साध्या युक्तीने शेकडो गोण्यांनी भरलेली नाव पायरी उतरते. काठावरून दोघे-चौघे दोरखंडाने ओढीत आहेत आणि शेकडो बैलांचे ओझे पाण्यावरून मुकाट्याने पुढे सरकते आहे, हे दृश्य कॉटनने रोज पाहिले होते. म्हणून रेल्वेवर कोट्यवधी रुपये ओतणाऱ्या सरकारशी तो जन्मभर भांडला. वेग प्रवाशाला हवा असतो, मालाला स्वस्ताई हवी असते, हा त्याच्या साऱ्या लेखनाचा सूर.

हा जलमार्ग वर वर्ध्यापर्यंत न्यावयाचा, तर आडवे येत होते तीन खडकाळ टप्पे. इंग्रज कागदांत त्यांना पहिला, दुसरा व तिसरा अडसर असेच म्हटले आहे. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला. दुसरा इंचमपल्लीला, इंद्रावती व गोदावरी ह्यांच्या संगमाच्या टापूत. तिसरा सिरोंचाच्या वर प्राणहितेत, देवलमरीकडे. प्रत्येक ठिकाणी नदीत बंधारा घालावयाचा, खडक टाळून काठाने कालवा काढावयाचा, आणि कालव्यात लॉक बसवावयाचे, म्हणजे नावा वरच्या शांत पाण्यातून खालच्या शांत पाण्यात जातील. काम फेलिक्स हेग ह्या इंजिनिअरकडे आले.

पण कामाआधी जमीन हवी होती. गोदावरीचे दोन्ही काठ निजामाच्या हुकमतीत असताना मधल्या नदीत इंग्रज इंजिनिअरांनी सुरुंग लावणे अवघड. १८६० साली निजामाशी नवा तह झाला. आपल्या मराठी इतिहासात ह्या तहाकडे वऱ्हाडच्या अंगाने पाहण्याची रीत आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु त्यात गोदावरीची कलमे होती ती सहसा वाचली जात नाहीत. गोदावरीवरील वाहतूक सर्व जकातींतून मुक्त राहील असे ठरले आणि नदीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांकडे आले. बदल्यात १८५३ साली लावून घेतलेल्या मुलुखापैकी धाराशिव व रायचूरचा दुआब निजामास परत मिळाला, आणि पन्नास लक्षांचे कर्ज माफ झाले. आमचा धाराशिवचा एखादा वाचक हे वाचून थबकेल. त्याच्या आजोबा-पणजोबांनी आणखी अठ्ठ्याऐंशी वर्षे निजामी राजवट पाहिली, त्या सौद्याच्या दुसऱ्या पारड्यात गोदावरीकाठची ही जंगले होती. सारे कारण जलमार्गच होते असे आम्ही म्हणत नाही. १८५७ मध्ये निजाम स्वस्थ राहिला त्याचे बक्षीसही त्या तहात होते. पण डावा काठ मागून घेण्याला नदीखेरीज दुसरे सबळ कारण आम्हांस दिसत नाही. तेथे महसूल तो किती मिळणार होता?

ह्या नव्या मुलुखाचा ‘अपर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि त्याचे ठाणे सिरोंचा. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्यप्रांत निर्माण झाला. जबलपूर आणि सिरोंचा एका फायलीत आली ती तेव्हा. सिरोंचाला डेप्युटी कमिशनर म्हणून गेलेल्या ग्लासफर्डने १८६२ मध्ये बस्तर संस्थानावर वृत्तान्त लिहिला. त्या मुलुखाचे तपशीलवार वर्णन सरकारदरबारी प्रथम पोहोचले ते अशा अधिकाऱ्यांकडून. १८६२ मध्येच रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर झाला. हाच टेंपल पुढे १८७७ ते १८८० मुंबईचा गव्हर्नर होता. तो उत्साही, हिंडणारा आणि लिहिणारा अधिकारी. गोदावरीचा जलमार्ग म्हणजे मध्यप्रांताचे समुद्राकडे उघडलेले दार, अशी त्याची दृष्टी होती. तिकडे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडत होत्या. मँचेस्टरला १८५७ पासून कापूस मिळवून देणारी एक संस्थाच काम करीत होती. तिने गोदावरीचा जप चालविला आणि भारतमंत्री चार्ल्स वुड ह्याच्यामागे तगादा लावला. हिंगणघाटच्या बाजारातील कापूस लंडनच्या चर्चेत आला.

असा जोर असताना काम झटपट व्हावे. ते झाले नाही. तो मुलूख घनदाट जंगलाचा, वस्ती विरळ कोया व माडिया लोकांची. मजूर बाहेरून आणावे लागत. पाऊस संपून नदी उतरली की कामाचा हंगाम, आणि तोच तापाचा हंगाम. डासामुळे हिवताप होतो हे १८९७ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. जंगलातली हवा विषारी, एवढेच वैद्यकाचे ज्ञान. मजूर आजारी पडत, मरत, उरलेले पळून जात. पुढचा पावसाळा आला की नदी फुगे आणि अपुरे काम बुडे. गोदावरीचा पूर म्हणजे काय ह्याची कल्पना पश्चिमेकडच्या माणसाला येत नाही. १९८६ च्या ऑगस्टात धवळेश्वरमवरून सेकंदाला पस्तीस लक्ष घनफुटांहून अधिक पाणी गेले. दुम्मागुडेमचे काम सर्वांत पुढे गेले. तेथला बंधारा आजही नदीत उभा आहे. त्या छावणीतून आणखी एक गोष्ट निघाली. हेग हा धर्मनिष्ठ गृहस्थ; त्याच्या खटपटीने दुम्मागुडेमला कोया लोकांत मिशन निघाले, आणि नावांचा मार्ग बंद पडल्यावरही ते चालू राहिले. सरकारी कामाचे कोणते फळ टिकेल हे सरकारास ठरविता येत नाही.

काम का फसले ह्याची कारणे देताना ताप, खडक आणि पूर ही तीन नावे नेहमी घेतली जातात. ती खरी आहेत. परंतु आम्हांस वाटते की मूळ कारणे अधिक रुक्ष आहेत, आणि कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला ती चटकन पटतील.

पहिले असे की रेल्वेचा वीस मैलांचा रूळ पुरा झाला की वीस मैलांची गाडी चालू होते. जलमार्गाचे तसे नाही. तीन अडसरांपैकी एक मोकळा झाला आणि दोन राहिले तर व्यापाऱ्याने दोनदा नाव रिकामी करून माल बैलांवर घालून दुसऱ्या नावेत भरावयाचा. ह्यापेक्षा त्याला मिर्झापूरची वाट परवडे. तिन्ही पुरे होईपर्यंत एकाचाही उपयोग नाही, आणि उपयोग दिसत नाही म्हणून तिन्हींना पैसा मिळत नाही, अशा चक्रात हे काम सापडले.

दुसरे कारण पैशाच्या रीतीचे. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. लंडनच्या ठेवीदाराला फायदा झाला तरी व्याज आणि तोटा झाला तरी व्याज. तोट्याची भरपाई हिंदी रयतेच्या करातून. त्यामुळे रेल्वेला पैसा अडत नसे. गोदावरीचे काम मात्र सरकारी खात्याचे, दरसाल अंदाजपत्रकात मंजुरी मागणारे. एके वर्षी हात सैल, दुसऱ्या वर्षी आखडता. ज्या कामाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, त्याची मंजुरी दोन महिने उशिरा आली तर वर्षाचे किती उरते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि कॉटनच्या बाजूने लिहिणारे त्याकडे डोळेझाक करतात. गोदावरी-प्राणहितेत भरपूर पाणी असते ते आषाढापासून साधारण मार्गशीर्ष-पौषापर्यंत. वर्धेचे पाणी त्याहून आधी आटते. आणि कापूस केव्हा येतो? वेचणी दिवाळीच्या सुमारास लागते, सरकी काढून, गाठी बांधून माल बाजारात उभा राहतो तो पौष-माघात. म्हणजे कापूस घाटावर यावयाचा तेव्हा नाव वाळूत रुतलेली, आणि नाव तरंगावयाची तेव्हा कापूस वखारीत वर्षभर पडून, व्याज खात. त्रिभुज प्रदेशात कॉटनने पाहिलेले कालवे मोठ्या बंधाऱ्याच्या साठ्यावर वर्षाचा बराच काळ भरलेले राहत. चारशे मैल वरच्या नदीला तसा साठा नव्हता. वजनाच्या हिशेबात कॉटन बरोबर होता. पंचांगाच्या हिशेबात चुकला.

तेवढ्यात रूळ येऊन पोहोचले. १८६५ मध्ये अमेरिकेचे युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या आणि मँचेस्टरचा गोदावरीवरचा लोभ ओसरला. १८६७ च्या फेब्रुवारीत मुंबईची गाडी नागपुरास आली. त्याच वर्षी अलाहाबादेकडून दुसरा फाटा जबलपुरास आला, आणि १८७० च्या मार्चमध्ये इटारसीकडचा रूळ येथे त्याला मिळून मुंबई-कलकत्ता जोडली गेली. जोडणी झाली ती आपल्या ह्या जबलपुरात. तेव्हा व्हाइसरॉय होता लॉर्ड मेयो, आणि त्याच्यापुढे सरकारी तिजोरीतील तुटीचा प्रश्न होता. त्याच्याच कारकिर्दीत, १८७१ मध्ये, अपर गोदावरीचे काम कायमचे थांबविण्याचा हुकूम झाला. एका टोकाला रुळांचा जोड आणि दुसऱ्या टोकाला बंधाऱ्यांचा त्याग, दोन्ही एकाच प्रांतात दीड-दोन वर्षांच्या अंतराने.

कॉटनने हार मानली नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात रेल्वे असूनही माणसे मेली, तेव्हा तो म्हातारा पुन्हा उभा राहिला आणि १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे जलमार्गांची बाजू मांडून आला. त्याच दुष्काळात कामावर आलेल्या लोकांकडून मद्रासकडील किनारी कालवा वाढविला गेला; तो बकिंगहॅम कालवा नावाने प्रसिद्ध आहे, आणि त्यावर तांदूळ, मीठ व सरपण वाहणाऱ्या नावा विसाव्या शतकातही बराच काळ चालत होत्या. सिरोंचा-अहेरीच्या अंगाला मात्र नदीने वाहिले ते लाकूड. सागाचे ओंडके बांधून पुराच्या पाण्यावर राजमहेंद्रीकडे सोडीत. त्याला लॉक लागत नाही, कालवा लागत नाही, अंदाजपत्रकही लागत नाही.

उरला जिल्हा. ज्या कामासाठी तो केला ते काम गेल्यावर त्याला अर्थ राहिला नाही. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडला. खालचे भद्राचलम व रेकपल्ली हे तालुके मद्रास इलाख्यात गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी काही तेलुगू तालुके मद्रासकडे गेले, सिरोंचा राहिले. १९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच्या दक्षिण टोकाशी, पलीकडे तेलंगण आणि छत्तीसगड, बाजारात तेलुगू, घरांत तेलुगू व माडिया आणि कचेरीत मराठी, असा सिरोंचा तालुका आज महाराष्ट्रात आहे. तेथे नेमणूक झालेला नागपूर-पुण्याकडचा अधिकारी पहिले सहा महिने दुभाष्यावाचून चालू शकत नाही आणि आपल्याला कोणत्या अपराधाची ही शिक्षा, असे मनात म्हणतो. आम्ही त्याला सांगू, की बाबा रे, तू तेथे आहेस तो मँचेस्टरच्या एका फसलेल्या हिशेबामुळे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय नागपुराहून जबलपुरास आले, आणि नागपूरच्या सदरातून जबलपूरच्या सदरात येण्याची पाळी काही मराठी घरांवर आली. ती रेषाही कोणी तरी नकाशावर ओढलेलीच होती. पण तिच्यामागे निदान भाषेचा विचार होता. सिरोंचाच्या रेषेमागे नाव होती.

नदी तेथेच आहे. इंचमपल्ली हे नाव पुन्हा कागदांवर आले ते १९७० च्या दशकात, आंतरराज्य करारांतील एका मोठ्या धरणाच्या रूपाने; ते धरण झाले नाही. २०१९ च्या जूनमध्ये सिरोंचासमोर, प्राणहिता-संगमाच्या खाली, तेलंगणने मेडीगड्डाचे ८५ दरवाजांचे बॅरेज चालू केले. आता नावांचा प्रश्न नव्हता, पाणी उलटे वर चढवून शेतीला न्यावयाचे होते. सिरोंचाकडील शेतकरी बुडालेल्या पिकांची तक्रार करीत राहिले, आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बॅरेजचे काही खांब खचले. २००८ मध्ये भद्राचलम-राजमहेंद्री हा गोदावरीचा भाग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक चारमध्ये आला आणि २०१६ च्या कायद्याने नर्मदेसह आणखी शंभरावर जलमार्ग जाहीर झाले. कायद्याच्या यादीत आमच्या नर्मदेचा क्रमांक त्र्याहत्तर. ग्वारीघाटच्या केवटांना ह्याची खबर नाही.

सिरोंचात रेल्वे अजून आलेली नाही. ज्या रुळांनी नावांना हरविले ते तेथे पोहोचलेच नाहीत, आणि ज्या नावांसाठी ते गाव ठाणे झाले त्या तेथून कापूस घेऊन कधी सुटल्या नाहीत. गोदावरीवर पूल झाला तोही ह्या शतकात. तोवर सिरोंचाहून पैलतीरी कालेश्वराच्या दर्शनास जाणारा माणूस, मग तो मराठी तहसीलदार असो की तेलुगू शेतकरी, होडीनेच नदी ओलांडीत असे.